दिवाळखोरीची वकिली: आधी साक्षीदार, मग एनसीएलटी

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापुरात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या प्रकरणांत वकिली करायची आहे. तिथे साक्षीपुरावा नसतो, नुसते कागदांचे गठ्ठे असतात, असं ओळखीचे एक वकील म्हणाले. तिचं वक्तृत्व वाया जाईल का? सनद मिळाल्यावर तिला थेट मुंबईला पाठवावं का?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर: वकीलसाहेबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेखालची कंपन्यांची प्रकरणं एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, चालतात. महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी ते मुंबईत, कफ परेडला आहे. तिथलं कामकाज मुख्यतः शपथपत्रं आणि कागदपत्रांवर चालतं, उलटतपासणी क्वचितच होते. पण म्हणून कोर्टातलं कौशल्य लागत नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

तुमच्या गावचंच उदाहरण घ्या. एका सूतव्यापाऱ्याचे दीड कोटी कंपनीकडे अडकलेत. (2020 पासून किमान 1 कोटीची थकबाकी लागते.) तो संहितेच्या कलम 8 खाली थकबाकी मागणारी नोटीस पाठवतो. कंपनीला उत्तराला 10 दिवस मिळतात आणि ती कळवते, ‘सूतच खराब होतं.’ हा वाद नोटिशीच्या आधीपासूनचा असेल, तर कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करा, असा व्यापाऱ्याचा कलम 9 खालचा अर्ज फेटाळला जातो. वादात शेवटी कोण जिंकेल, हे तिथे तपासत नाहीत. वाद पोकळ किंवा रचलेला नाही ना, एवढंच पाहतात. मोबिलॉक्स खटल्यात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी घालून दिली.

आता कंपनीचा वकील एक जुना ईमेल दाखवतो: ‘मालाबद्दल तक्रार आहे.’ व्यापाऱ्याच्या वकिलाला त्याच मिनिटाला उठून सांगता आलं पाहिजे, की या ईमेलनंतर दोन महिन्यांनी कंपनीने एक रुपयाही न कापता पूर्ण बाकी सही करून मान्य केली आहे, आणि ते पत्र अमुक पानावर आहे. पान शोधत बसलात की संधी गेली. वक्तृत्व लागतं ते इथे. मात्र स्पर्धेतलं नव्हे, दोन वाक्यांत मुद्दा संपवणारं.

असा कागद अचूक हेरायची नजर साक्षीदारासमोर उभं राहूनच येते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून थेट मुंबई नको. आधी वर्ष-दीड वर्ष कोल्हापुरातच दिवाणी दावे आणि चेक बाउन्सची प्रकरणं चालवणाऱ्या सीनियरकडे काम करू द्या. चेक बाउन्सच्या, म्हणजे कलम 138 च्या, खटल्यात फिर्यादीची उलटतपासणी होते: उधारी किती, खतावणीत नोंद आहे का, चेक कोरा दिला होता का. छोटा प्रश्न विचारून हवं ते उत्तर मिळाल्यावर थांबायचं कसं, हे तिथे रोज बघायला मिळतं. दिवाळखोरीशी त्याचा थेट संबंधही आहे. एनसीएलटीने कंपनीला स्थगितीचं संरक्षण दिलं, म्हणजे तिच्यावरचे दावे थांबवले, की कंपनीवरचा 138 चा खटला थांबतो, संचालकांवरचा मात्र चालू राहतो (मोहनराज निकाल, 2021).

दरम्यान ताळेबंद वाचायला तिने शिकलंच पाहिजे. एखाद्या सीएकडे बसून शिकली तर उत्तम. आणि मुदतींबाबत हयगय नको: एनसीएलटीच्या आदेशाविरुद्ध अपिलाला 30 दिवस असतात, पुरेसं कारण दिलं तर आणखी फक्त 15. हे दिवस आदेश जाहीर झाल्यापासून मोजतात, वेबसाइटवर दिसल्यापासून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज लगेच टाकायची सवय ज्युनिअर असतानाच लागायला हवी.

मुंबईचं ऑफिस निवडताना पगाराआधी एक गोष्ट विचारा: प्रकरणातल्या घटनांची तारीखवार यादी आणि अर्जाचा मसुदा ज्युनिअर करतात का, आणि सुनावणीला त्यांना सोबत नेतात का? परीक्षा झाल्यावर तिला मोबिलॉक्सचा निकाल वाचून त्यातल्या घटनांची तारीखवार यादी एका पानात करायला सांगा. सीनियरकडे पहिल्यांदा जाताना ते पान तिने सोबत न्यावं.