आधी उरेब, मग पॅरिस

सातारा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी डिझाइन्स पाहिली. हात चांगला आहे, रंगांची जाण त्याहून चांगली. पण ज्या लक्झरी फॅशनचा तुला ध्यास लागलाय, तिचा कस कापडावर लागतो. म्हणून हजारोंचे क्लास लावण्याआधी राजवाड्याजवळच्या एखाद्या जाणत्या लेडीज टेलरकडे वर्षभर बस. कात्री लगेच हातात मिळणार नाही. तोवर काजं-बटणं कर, हातशिलाई कर, उसवायला दिलं तर उसव.

ब्लाऊजच्या गळ्याला उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेत कापलेली, पट्टी लावतात ती नीट बघ. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या धरते; उरेब कापली की ताणली जाते आणि गुपचूप बसते. मादलेन व्हिओने या फ्रेंच बाईंनी १९२०च्या दशकात अख्खे झगेच उरेब कापले, आणि कापड अंगावरून उतरायची तऱ्हाच बदलली. लहान वयातच त्या शिवणकामाच्या उमेदवारीला लागल्या होत्या. पुढे लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लपेटून त्या कपडा रचत.

शिक्षण हवंच. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेची डिझाइनची पदवी चार वर्षांची. प्रवेशाच्या सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या सामानातून वस्तू करून दाखवावी लागते, तिथे हाताची सवय कामाला येते.

पदवी मिळाल्या मिळाल्या स्वतःचं लेबल मात्र काढू नकोस. याबाबत मी हट्टी आहे. मोठ्या डिझायनरकडे असिस्टंट म्हणून राहा. पगार बेताचा असेल, पण मांजरपाटाचा नमुना किती वेळा उसवून पुन्हा बेतावा लागतो, भरतकामाच्या तासांवरून किंमत कशी निघते, गिऱ्हाईक कशाला नकार देतं, हे तिथेच कळतं.

डिझायनर राहुल मिश्रांचंच बघ, ते कानपूरकडच्या खेड्यातले. मेरिनो लोकरीवर हाताचं भरतकाम करून त्यांनी २०१४ साली आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवला. २०२० साली पॅरिसच्या ओत् कुत्यूर वीकमध्ये, म्हणजे हाताने घडवलेल्या उंची कपड्यांच्या सप्ताहात, संग्रह मांडणारे ते पहिले भारतीय डिझायनर ठरले.

लोकर आपल्या माणदेशातही आहे. म्हसवडकडे जाऊन घोंगडी विणणाऱ्या सनगराच्या मागाशी बस. चिंचोक्याची खळ ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या दोऱ्यांवर, कुंच्याने कशी चढवतात, वाळल्यावर दोरा कसा ताठ होतो, ते बोटांनी चाचपून बघ. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचरी. अंगालगत नको वाटेल. अस्तर लावलेल्या ओव्हरकोटाला मात्र ती शोभेल असं मला फार वाटतं. कुणी अजून मनावर घेतलं नसेल, तर तू घे. मात्र त्यांच्याकडून काही विणून घेतलंस, तर मजुरी आधी ठरव, घासाघीस करू नकोस, आणि कोटाच्या लेबलवर तुझ्या नावाशेजारी विणणाऱ्याचंही नाव घाल.

दिवाळीच्या सुट्टीत ये. स्वतः शिवलेला एखादा ब्लाऊज आण; उलटा करून आतली शिलाई बघू आणि पुढचं ठरवू.

तुझी,
मावशी