वर्षाच्या मध्यावर आखणी बदलताना

सोलापूर,
मार्गशीर्ष

चि. मुलीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली, लेकीला घरी शिकवण्याची जूनमधली आखणी मी सावकाश वाचली. दिवाळी होऊन गेली तरी गणिताचे सात धडे मागे आहेत, इंग्रजीचे पुस्तक निम्म्यावरही आलेले नाही आणि परिसर अभ्यास सुरुवातीच्या घटकांतच अडकला आहे, असे तू लिहिले आहेस. परंतु जूनमध्ये लेकीला जे येत नव्हते आणि आज येते, असे काय आहे, याचा पत्रात एकही उल्लेख नाही. आढाव्याची सुरुवात तिथून व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. राहिलेले धडे मोजून ते उरलेल्या महिन्यांत वाटून दिले, तर कागदावरचा हिशेब जुळेल, पण मुलीच्या पदरात त्यातून काही पडणार नाही. शाळेला पूर्ण वर्ग एका वेळी पुढे न्यायचा असतो, म्हणून तिला धड्यांचा हिशेब ठेवणे भाग असते. तुझ्यावर ते बंधन नाही, आणि घरी शिकवण्याचा निर्णय तू घेतलास तो मुख्यतः याच मोकळीकीसाठी.

तू पाठवलेल्या वहीच्या पानांपैकी एका पानापाशी मी बराच वेळ थांबले. त्यावर समच्छेद अपूर्णांकांच्या सगळ्या बेरजा बरोबर आहेत आणि त्यांच्या खाली, तितक्याच सुबक अक्षरात, १/२ + १/४ = २/६ असे लिहिलेले आहे. तू त्यावर फुली मारून शेजारी ३/४ हे उत्तर लिहून दिले आहेस. आता असे बघ, २/६ म्हणजे एक तृतीयांश, आणि तो अर्ध्यापेक्षाही लहान असतो. अर्ध्यात पाव मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल, हा प्रश्न तिच्या मनात आला नाही, याचा अर्थ बेरजेची रीत तिला पाठ झाली आहे, परंतु अपूर्णांक केवढा असतो हे तिला दिसत नाही. या ठिकाणी बरोबर उत्तर लिहून देण्याने काहीही साधत नाही. दोन आठवडे बेरजा पूर्ण बंद ठेव. घरातला साधा टॉवेल घे. आपल्या गावात त्याला तोटा नाही. त्याची एक घडी घालून अर्धा, दुसरी घालून पाव, तिसरी घालून अष्टमांश तिला करू दे, आणि प्रत्येक घडीनंतर भाग वाढले की प्रत्येक भाग लहान होतो की मोठा, एवढेच विचार. त्यानंतर समान लांबीच्या कागदी पट्ट्या घेऊन १/३ आणि १/४ यांतला मोठा कोणता, २/४ आणि १/२ यांत फरक आहे का, हे तिने पट्ट्या एकावर एक ठेवून सांगावे. सममूल्य अपूर्णांक, लहान-मोठेपणा आणि भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज हे सगळे या एकाच समजुतीवर उभे आहे. ती पक्की झाली की त्यातले बरेचसे धडे तुझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ लवकर उरकतील. म्हणून सात धडे मागे असल्याचा तुझा आकडा मला खरा वाटत नाही.

असाच शोध प्रत्येक विषयात घे. एखादी गोष्ट मागे पडली, ती मुलीची पूर्वतयारी नव्हती म्हणून, वेळ चुकीची होती म्हणून, की मुळात ती गोष्ट आखणीत घालायचीच गरज नव्हती म्हणून, हे वेगवेगळे पाहिल्याशिवाय उपाय सापडत नाही. तुझ्या वेळापत्रकात इंग्रजी दुपारी अडीचला आहे, जेव्हा घरात जेवणे आटोपून सगळे आडवे झालेले असतात आणि, तू लिहितेस त्याप्रमाणे, मुलगीही पेंगते. तो तास सकाळी घे आणि वीस मिनिटांचाच ठेव. पुस्तक बदलण्याचा विचार त्यानंतरही गरज वाटली तरच कर. शाळेसारख्या चाळीस-चाळीस मिनिटांच्या तासिका घरात लावणे मला पहिल्यापासून पटलेले नाही. ज्या घरी आजी-आजोबा आहेत, पाहुण्यांचा राबता आहे आणि पाण्याची पाळी आली की सगळ्यांना हातातले काम सोडून उठावे लागते, तिथे रोजचे दोन विषय नक्की आणि बाकीचे आठवड्याच्या हिशेबाने, अशी आखणी टिकते.

जानेवारीपासून अबॅकसचा आणि चित्रकलेचा क्लास लावण्याचा विचार तू कळवला आहेस. मागे पडल्याची रुखरुख लागली की काहीतरी नवे जोडावेसे वाटते, हे मी अनेक पालकांत पाहिले आहे. तू आधी काही गोष्टी काढून टाक, म्हणजे रोजचे शुद्धलेखनाचे पान, पाठांतराच्या याद्या आणि तो सामान्यज्ञानाचा संच. चित्रकला तिला मनापासून आवडत असेल तर जरूर ठेव, अबॅकस मात्र यंदा नको.

परिसर अभ्यासाची काळजी मला सर्वांत कमी वाटते, कारण त्यासाठी पुढचे दोन महिने आपल्या गावात उत्तम आहेत. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची यात्रा येते. तुझ्या आखणीत ते दिवस नुसते ‘सुट्टी’ म्हणून कोरे आहेत. त्याऐवजी सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, ज्या वाटेने शहरातल्या अडुसष्ट लिंगांना जातात, त्या वाटेचा नकाशा तिच्याकडून काढून घे. दिशा, प्रमाण आणि खुणा हे नकाशावाचनाचे सगळे घटक त्यात येऊन जातात. त्याच सुमारास, १२ जानेवारीला, तिला हुतात्मा चौकात ने. स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली त्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले आणि त्याच्या आदल्या वर्षी, मे १९३० मध्ये, या शहरात लष्करी कायदा लागला होता, हे तिथे उभे राहून सांगितले की वेगळ्या पाठांतराची गरज उरत नाही. पक्ष्यांचे स्थलांतर शिकवायचे असेल तर उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात तो काळही हाच आहे.

उन्हाचा विचार तू अजिबात केलेला दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी मोठ्यांनाही काही सुचत नाही. तेव्हा अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि लेखन हे जड काम मार्चच्या मध्यापर्यंत आटोपेल असे बघ. पुढे सकाळचे दोन तास वाचन आणि उजळणी पुरे.

प्रमाणपत्राबद्दल सासूबाईंनी काढलेला प्रश्न रास्त आहे, त्यांना मान देऊनच उत्तर दे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि त्याआधीच्या टप्प्यांसाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे. नियम आणि अर्जाच्या तारखा मंडळाच्या अधिकृत सूचनेवरूनच पाहाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

नवी आखणी पक्की करण्यापूर्वी एका संध्याकाळी लेकीला आणि तिच्या बाबांना घेऊन बस, आणि तिला काय सोपे गेले, कशाचा कंटाळा येतो, काय पुन्हा करावेसे वाटते हे तिच्या शब्दांत लिहून घे. मध्ये समजावू नकोस. मग फक्त सहा आठवड्यांची आखणी एका पानात बसव. ते पान आणि तिच्या वहीची, तू अजून न तपासलेली, तीन पाने संक्रांतीपूर्वी मला पाठव.

कळावे.
तुझ्या बाई