'पुअर रेट' म्हणजे 'गरिबी दर' नव्हे

इंग्लंडच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना 'पुअर रेट'ला 'गरिबी दर' म्हणावं का, असा प्रश्न आहे. म्हणू नये. गरिबी दर म्हटलं की शंभरात गरीब किती, हेच डोळ्यापुढे येतं. हा रेट म्हणजे सरळसरळ पट्टी. घराजमिनीचं वार्षिक भाडं किती येईल ते धरायचं, पाउंडामागे अमुक शिलिंग-पेन्स गोळा करायचे आणि त्यातून पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, निराधारांना पोसायचं. घरपट्टी, पाणीपट्टी तोंडात बसलेल्या आहेतच, 'गरीबपट्टी' म्हणा.

'मालमत्ता कर' लिहिलं तर वाचक फसतो, कारण आपल्याकडे ते बिल मालकाच्या नावाने निघतं. १६०१ च्या इंग्लिश कायद्यात पट्टी 'ऑक्युपायर'वर, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्या-कसणाऱ्यावर होती. त्यात भाडेकरूही आला. (इथे 'भोगवटादार' नको. सातबारा वाचणारा माणूस त्याचा अर्थ जवळपास मालकच घेईल.) पुढे लहान घरांची पट्टी बरेच मालक सवलतीत स्वतः भरत आणि भाड्यात धरत. १८६७ मध्ये मताचा हक्क स्वतः पट्टी भरण्याशी जोडला गेला आणि शहरांतली ही पद्धत मोडली. पट्टी भाडेकरूच्या गळ्यात आली, भाडं मात्र कित्येकांचं तेवढंच राहिलं! ओरड झाली आणि १८६९ मध्ये जुनी सोय परत आणावी लागली.

आयर्लंडच्या गावांबद्दल लिहिताना 'भाडेकरू' काढून 'कूळ' घाला. तिथे १८३८ च्या कायद्याने कुळाने पट्टी भरायची आणि निम्मी खंडातून वळती करून घ्यायची. १८४३ पासून चार पाउंडांपर्यंत मूल्यांकन असलेल्या जमिनींची सगळी पट्टी जमीनदारावर टाकली. कागदावर कुळाचा फायदाच. पण बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळात पट्टी चढत गेली, आणि कूळ काढून झोपडी पाडली की तेवढी पट्टी वाचते हे जमीनदारांच्या लक्षात आलं. त्यात १८४७ चं खासदार ग्रेगरी यांचं कलम: पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून जास्त जमीन असेल तर पट्टीतून मिळणारी मदत बंद. खायला मिळावं म्हणून लोकांनी जमिनी सोडल्या. क्लेअर काउंटीतल्या किलरश भागात तर हजारो माणसं बेघर झाली.

या 'इव्हिक्शन'ला 'निष्कासन' हा सरकारी शब्द लावू नका. 'कुळं बेदखल केली' असं लिहा.