भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर बरं की वेगळा रेकॉर्डर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मंडळात बुवा, पेटी, पखवाज आणि आठ-दहा टाळकरी आहेत, अभंग यूट्यूबवर टाकायचेत आणि घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे. तर त्यातच सॉफ्टवेअर टाकून माइक घ्यावेत, की पैसे रेकॉर्डरमध्ये घालावेत?

रेकॉर्डर घ्या. सॉफ्टवेअरही लागेलच, पण घरी आल्यावर, आवाज साफ करून जुळवायला. मंदिरात आवाज पकडायचं काम त्याच्यावर सोपवू नका.

लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरची खरी मजा एकट्यानं काम करणाऱ्याला. आधी क्लिक (ताल धरायला हेडफोनवर वाजणारी टिकटिक) लावायची, त्यावर पेटी, मग तबला, मग गाणं, असा एकेक थर चढवत जायचं; चुकलं तर तेवढीच ओळ परत गायची. भजनात हे बसत नाही. अभंग संथ सुरू होतो, बुवा हळूहळू लय चढवतात, पखवाजी लग्गीत (जलद ठेक्यात) शिरतो आणि गजरापर्यंत सगळं कुठच्या कुठे गेलेलं असतं. बुवांनी मान हलवली की पखवाज ते उचलतो आणि मागोमाग टाळ. क्लिकवर भजन बसवून बघा, दुसऱ्या चरणाला बुवा हेडफोन काढून बाजूला ठेवतील. म्हणजे सगळ्यांना एकदम, एका जागी बसवून रेकॉर्ड करायचंय. सॉफ्टवेअरचे निम्मे गुण इथेच बिनकामाचे ठरतात.

मग प्रश्न राहतो एका वेळी किती माइक आत घेता येतील याचा. लॅपटॉपला माइक जोडायला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज काँप्युटरमध्ये नेणारा डबा, लागतो. फोकसराइट स्कार्लेट २आय२ सारख्या लोकप्रिय इंटरफेसला माइकच्या जागा दोनच. आठ जागांचा घ्यायचा तर खर्च वाढतो, आणि तो बहुधा विजेवरच चालतो. कुणी सुचवेल की दोन-तीन यूएसबी माइकच थेट लॅपटॉपला लावा. त्या वाटेला जाऊ नका. अशा प्रत्येक माइकचं आवाज मोजणारं आतलं घड्याळ वेगळं असतं. लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक (प्रत्येक माइकचा वेगळा साठवलेला आवाज) एकमेकांपासून सरकत जातात, आणि विंडोजवरची बरीच सॉफ्टवेअरं एका वेळी एकच उपकरण धड हाताळतात.

त्यात मंदिरातली वीज. चार्जर लावलेला लॅपटॉप आणि मांडवातला मिक्सर एका वायरीनं जोडले की बऱ्याचदा ५० हर्ट्झची घूं सुरू होते, आणि अर्थिंगचा पत्ता नसेल तर ती हटत नाही. बॅटरीवरचा रेकॉर्डर या भानगडीतून मोकळा.

लेटन्सीबद्दल, म्हणजे काँप्युटरमधून आवाज जाताना होणाऱ्या उशिराबद्दल, तुम्ही काळजीनं विचारलंय. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर (काँप्युटर एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका बाजूनं सुमारे ३ मिलिसेकंद उशीर. स्वतःचा आवाज काँप्युटरमधून हेडफोनवर ऐकत गायचं असेल तेव्हा हा हिशेब करायचा. तुमच्याकडे कुणीच हेडफोन लावणार नाही, तेव्हा विषय सोडून द्या.

कोणता रेकॉर्डर? झूम एच६ सारख्याला चार माइकच्या जागा आणि वर स्वतःचा स्टिरिओ माइक, असे सहा ट्रॅक मिळतात. चार पेन्सिल सेलवर चालतो. एच४एसेन्शियलला बाहेरच्या माइकच्या जागा दोनच, पण तो ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे आधी लेव्हल लावायची कटकट नाही. टाळांसाठी हा गुण मोलाचा आहे. टाळ एकत्र पडले की जो टोकदार आवाज येतो त्यानं साध्या रेकॉर्डरचा लाल दिवा पेटतो आणि आवाज फाटतो. फ्लोटमध्ये फाइल नंतर खाली ओढता येते. मात्र माइकच टाळाच्या तोंडाशी ठेवून तो गुदमरला, तर फ्लोटही काही करू शकत नाही. साधा २४-बिटचा घेतलात तर लेव्हल गजर वाजवून घेऊन लावा, सुरुवातीच्या संथ चरणावर नको. गजरात काटा −१२ डीबीच्या आसपास राहिला की पुरे. सुरुवात बारीक वाटेल, पण २४-बिटमध्ये ती नंतर उचलली तरी खरखर फारशी येत नाही.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. मांडवात साउंडवाला असेल तर तो म्हणेल, "मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून वायर घ्या, झालं काम." ती वायर घ्या, पण तेवढ्यावर राहू नका. मिक्सरमध्ये तेच जातं ज्याला माइक लावलाय. टाळांना माइक कोण लावतो? पखवाज मुळात दणदणीत, त्यामुळे त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली असतो. घरी येऊन ऐकाल तर बुवा आणि पेटी कानाशी, पखवाज शेजारच्या गल्लीत आणि टाळ जवळपास गायब. म्हणून दोन ट्रॅक मिक्सरचे घ्या (रेकॉर्डरवर ते लाइनच्या जागी लावा, माइकच्या नव्हे, नाहीतर आवाज फाटेल) आणि रेकॉर्डरचा स्वतःचा माइक समोर स्टँडवर ठेवा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर. खरं भजन त्या समोरच्या ट्रॅकवर असतं. मिक्सरचे ट्रॅक बुवांचे शब्द स्पष्ट व्हायला.

एच६ असेल तर उरलेल्या जागांपैकी एक पखवाजाच्या धुमेला द्या. कणीक लावलेल्या त्या बाजूचा घुमारा लांबून कधीच पुरता येत नाही. माइक वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवा, नाहीतर पखवाजी कणकेवर पाणी लावतो तेव्हा त्याचा हात लागतो. टाळकऱ्यांना दोन पावलं मागे बसवा. सगळ्या मिक्सिंगपेक्षा याचा फरक जास्त पडतो, आणि पैसे शून्य.

कार्डाची चिंता नको. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिटला सहा ट्रॅकचा तास साधारण ३.१ जीबी होतो. ६४ जीबीच्या कार्डात २० तास मावतात. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झच ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा, पुढे चित्र आणि आवाज जुळवताना तिचं टोक बघून दोन्ही सरकवता येतं.

तुमच्यातला कुणी पुढे घरी एकट्यानं चाली बांधणार असेल तर? हे रेकॉर्डर यूएसबीनं लॅपटॉपला जोडले की इंटरफेस म्हणूनही चालतात, वेगळा घ्यावा लागत नाही.

राहिला जुना लॅपटॉप. सहा ट्रॅक ऐकून, कापून, थोडी घुमक कमी करून फाइल काढायला तो बहुधा पुरेल. ऑडॅसिटी फुकट आहे. थोडं शिकायची तयारी असेल तर रीपर घ्या: ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, मग वैयक्तिक परवाना ६० डॉलरला. फक्त काम सुरू करण्याआधी कार्डातल्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि ती होईपर्यंत कार्ड पुसू नका.