सात महिन्यांची मुलगी घास थुंकते, फक्त वरणाचं पाणी पिते. अंगावरचं तोडू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की घट्ट घास मुलगी जिभेने बाहेर ढकलते, वरणाचं पाणी मात्र वाटीभर पिते, महिन्यात वजन 300 ग्रॅमच वाढलं, आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की नागपूरच्या उन्हाळ्यात तुमचं दूध पुरणार नाही, तोडून दूध-बिस्किट सुरू करा. यात घोळ आहे तो वरणाच्या पाण्याचा. आधी तेवढा सोडवा, बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागेल.

या वयात बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिली मावतं. साडेसात किलोच्या मुलीचे झाले सव्वादोनशे मिली. त्यात दीडशे मिली पाणी आधीच गेलं तर घासाला जागा उरत नाही आणि अंगावरही ती नीट पीत नाही. डाळ तळाशी बसते, वरून काढलेल्या पाण्यात हळद-मीठ सोडून फारसं काही येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला अंदाजे 200 किलोकॅलरी लागतात. नऊ महिन्यांनंतर 300, वर्ष झाल्यावर 550.

त्या 200 दिसतात किती ते बघा. दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा मूगडाळ, धुऊन वीस मिनिटं भिजवा. कुकरमध्ये आतल्या भांड्यात वाटीभर पाणी घालून चार-पाच शिट्ट्या घ्या. पळीच्या पाठीने घोटा, त्यात एक छोटा चमचा तूप. झाल्या 200. दिवसभराचं एवढंच, तेही दोन-तीन वेळांत विभागून, दर वेळी ताजं शिजवून. सुरुवातीला एका वेळी दोन-तीन चमचे गेले तरी पुष्कळ, आठवा महिना संपेपर्यंत अर्धी वाटी. चमचा तिरपा केला तर खिचडी वाहता कामा नये, थांबून सावकाश खाली पडली पाहिजे. पातळ वाटली तर पाणी आटवा. घट्ट झाली तर अंगावरचं काढलेलं दूध किंवा वरणातली घोटलेली डाळ घाला, पाणी नको. मिक्सर शक्यतो टाळा. गुळगुळीत पेस्टची सवय लागली की पुढे भाताचं शीत लागलं तरी मुलं ओकारी काढतात. नऊ महिन्यांपर्यंत दाणेदार घास जमायला हवा.

लापशी घट्ट असूनही गिळायला सोपी हवी असेल तर मोड आणलेल्या गव्हाचं पीठ करून ठेवा. गहू रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात दीड दिवस बांधा. मोड आले की कडक उन्हात वाळवा (मे महिन्यात गच्चीवर एका दिवसात होतात), मोड चोळून काढा, अगदी हलके गरम करून दळा. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या घट्ट लापशीचा गॅस बंद करा, बोट जेमतेम सोसेल इतकी कोमट झाली की अर्धा छोटा चमचा हे पीठ घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत लापशी सैल होते, कारण मोड आलेल्या गव्हातलं विकर (एन्झाइम) स्टार्च तोडतं. पाणी न वाढवता पातळ झाली, म्हणजे प्रत्येक चमच्यातली ताकद तशीच. मग एक उकळी आणून निववा. उकळत्या लापशीत पीठ टाकलं किंवा ते आधीच खरपूस भाजलं तर विकर मरतं आणि काहीच घडत नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. ज्वारीला मात्र मोड आणू नका, तिच्या कोंबात विषारी द्रव्य असतं.

आता थुंकण्याचं. जिभेने ढकलणं ही जन्मजात प्रतिक्रिया आहे. बहुतेक बाळांची ती सहाव्या महिन्याच्या आसपास जाते, काहींची थोडी रेंगाळते. त्याचा अर्थ चव आवडली नाही असा होत नाही. मांडीवर आडवं पाडून बोंडल्याने ओतायची जुनी पद्धत सोडा, घास श्वासनलिकेत जायची भीती असते. पाठीला आधार देऊन ताठ बसवा, अर्धाच चमचा भरा, खालच्या ओठावर टेकवा आणि तिने तोंड उघडेपर्यंत थांबा. घास जिभेच्या मध्यावर ठेवून चमचा सरळ बाहेर काढा, टाळूवर पुसू नका. अंगावर पाजून तास-दीड तास झालेला असावा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, मग गेलं असो वा नसो. नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय 'आवडत नाही' म्हणू नका. मोबाइल दाखवून भरवलेल्या मुलांना आपलं पोट भरलंय हेच कळेनासं होतं.

खाताना ती खोकते, लाल होते, ओकारी काढते तेव्हा आवाज येत असतो. घास ती स्वतःच परत आणते, बोट घालू नका. आवाज बंद, ओठ निळे, तर ते अडकणं. अशा वेळी डोकं खाली करून पालथं धरा, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरकस थापा. तरी निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबा, आलटून पालटून करत राहा आणि कुणाला तरी 108 ला फोन लावायला सांगा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं पाच वर्षांपर्यंत नकोतच. शेंगदाण्याचं बारीक वाटण लापशीत चालतं.

वजनाची काळजी सध्या सोडा. मुलींचं मधलं वजन सहाव्या महिन्यात 7.3 किलो, सातव्यात 7.6, नवव्यात 8.2 आणि वर्षाला 8.9 असतं. म्हणजे या वयात महिन्याला 300 ग्रॅम अगदी रीतसर. शेजारच्या बाळाशी तुलना न करता अंगणवाडीत वजन करून कार्डावरची रेघ बघा.

दूध-बिस्किटाबद्दल सासूबाईंना एवढंच सांगा: बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, आणि गाईच्या दुधात लोह नगण्य. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो, त्यामुळे नेमकं आता दुधाने पोट भरणं महागात पडतं. वर्षाच्या आत वरचं दूध पेय म्हणून नको, दही किंवा लापशीत थोडं चालेल. साखर, गूळ, मीठ वर्षभर घालू नका, आणि मध तर मुळीच नाही. त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. लोहासाठी पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, किंवा तुमच्याकडे खात असतील तर चिकनचा शिजवून वाटलेला खिमा. (सावजी रश्शात बोट बुडवून चाटवणारे आजोबा नागपुरात घरोघरी असतात, त्यांना हसत हसत आवरा.) शाकाहारी घरात डाळ-पालकावर लिंबाचे दोन थेंब पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. हंगामात संत्र्याचा बिया-साल काढलेला गर त्याच कामाचा. आशाताईंकडून लोहाचं सिरप आणा: आठवड्यातून दोनदा 1 मिली. शी काळी होते, घाबरू नका.

अंगावरचं तर उन्हाळ्यात अजिबात तोडू नका. जुलाबाचे दिवस हेच, आणि तेव्हा आईच्या दुधाचा आधार सगळ्यात मोठा. उन्हाने दूध आटत नाही. बाळ जितकं ओढेल तितकं येतं, तुम्ही पाणी भरपूर प्या. दोन वर्षांपर्यंत पाजायला हरकत नाही. पुढे तोडाल तेव्हा एक वेळ कमी करा, चार-पाच दिवस थांबा, मग दुसरी. रात्रीची सर्वांत शेवटी. एकदम बंद केलं तर गाठी होतात, ताप येतो. कडुनिंबाचा लेप वगैरे नको.

सहा महिने झालेत, तेव्हा जेवणासोबत उकळून निववलेलं पाणी वाटी-चमच्याने घोट-दोन घोट द्या, बाटली नको. 45 अंशांत दुपारी भूक मरतेच, मोठं जेवण सकाळी लवकर आणि दिवे लागल्यावर ठेवा. सकाळची खिचडी संध्याकाळी देऊ नका. शिजवल्यापासून दोन तासांत संपवा, या उकाड्यात तर त्याही आत.

दोन महिने वजन हललं नाही, प्रत्येक घासाला ठसका लागतो, शीमध्ये रक्त दिसलं, नव्या पदार्थानंतर अंगावर गांधी उठल्या किंवा दिवसभरात लघवी पाच-सहा वेळांपेक्षा कमी झाली, तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागात नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.