डोंगरमाथ्यावरचं जेवण

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला डोंगरमाथ्यावरच्या रिसॉर्टमध्ये खास जेवण ठरवलंय. दुपारी दीडला, खिडकीलगतचं टेबल. आणखी काय पाहावं?

उत्तर : आधी वेळ बदला. ऊन चढलं की उतारावरची गरम हवा वर सरकते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात आणि ऐन जेवताना काचेबाहेर नुसता पांढरा पडदा! साडेअकरालाच बसा. पदार्थ आदल्या दिवशी सांगून ठेवा. २००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, कडधान्यं शिजता शिजत नाहीत. गच्चीवरच्या टेबलाचा मोह मात्र नको, वाऱ्यानं वाढलेलं ताट बघता बघता गार होतं. आणि गाडीपासून दारापर्यंत पायऱ्या किती, हे फोनवर विचाराच. जाहिरातीतल्या फोटोंत त्या कधी दिसत नाहीत.