सत्र संपायला तीन आठवडे उरलेत. बी.एस्सी.चं गणित आणि भौतिकशास्त्राचं सबमिशन कुठून सुरू करू?

तू लिहिलंयस त्यावरून मला कळलं ते असं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, गणित आणि भौतिकशास्त्र. मोहोळहून सोलापूरला रोज एसटीने ये-जा. प्रॅक्टिकल परीक्षेला २४ दिवस. जर्नलमधले पाच प्रयोग बाकी, त्यातले तीन करून झालेत पण लिहिलेले नाहीत आणि दोन तर केलेलेच नाहीत. रिअल अ‍ॅनालिसिस आणि डिफरन्शियल इक्वेशन्सची एकेक असाइनमेंट, वर भौतिकशास्त्राचा सेमिनार. रोज रात्री यादी करतेस आणि सकाळी तीच यादी तशीच असते.

मी सोलापुरातच शिकले आणि गेली काही वर्षं इथेच बी.एस्सी.च्या मुलामुलींची प्रॅक्टिकलं घेते. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून अगंतुगं करतेय.

आधी ती यादी फाडून टाक. विषयवार केलेली असो की तारखेवार, तिचा आत्ता उपयोग नाही. नवीन कागद घे आणि प्रत्येक कामापुढे एवढंच लिही, की ते पुरं व्हायला मला आणखी कोण किंवा काय लागतं. उपकरण, अंधारी खोली, जोडीदारीण, सरांची सही, लॅब उघडून देणारे मामा, यातलं काहीही लागत असेल तर ते काम डावीकडे. तू, वही आणि पेन एवढ्यावर भागत असेल तर ते उजवीकडे. डावी बाजू पहिल्या दहा दिवसांत रिकामी झालीच पाहिजे. त्यापायी उजवीकडचं एखादं काम घाईत उरकावं लागलं तरी चालेल.

याचं कारण साधं आहे. सत्राच्या शेवटी तुझा वेळ तुझ्या हातात असतो, लॅबचा नसतो. शेवटच्या आठवड्यात बाकी राहिलेली सगळी बॅच एकाच वेळी येते. सोडियमचा दिवा एकच असतो, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप (स्क्रूने सरकवून बारीक अंतर मोजायचा सूक्ष्मदर्शक) दोन असतात आणि त्यातल्या एकाचा स्क्रू घसरत असतो. सरांना दुसऱ्या कॉलेजात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून जावं लागतं. मग परीक्षेची मांडणी सुरू झाली की लॅब बंद.

तिसऱ्या वर्षाला मी नेमकं उलटं केलं होतं. घरी बसून जर्नल सजवत राहिले, किरणांच्या आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढल्या, थिअरी मोत्यासारख्या अक्षरात लिहिली, आणि न्यूटनच्या वलयांचा प्रयोग (लेन्स आणि काचपट्टीमध्ये दिसणारी प्रकाशाची वलयं मोजायचा) शेवटच्या आठवड्यावर टाकला. त्या आठवड्यात दिवा बिघडला. मैत्रिणीची रीडिंग उतरवून घेतली, सही मिळाली, जर्नल सर्टिफाय झालं. परीक्षेत एक्स्टर्नलनी जर्नल उघडलं आणि शांतपणे विचारलं, "मायक्रोस्कोप डावीकडून उजवीकडे नेताना मध्ये कुठे स्क्रू उलटा फिरवला होता का? फिरवला असता तर काय झालं असतं?" उत्तर एका ओळीचं आहे. स्क्रूला उलट दिशेने घेतलं की थोडा मोकळा फेरा जातो, स्केल पुढे जातं पण मायक्रोस्कोप हलत नाही, म्हणून सगळी रीडिंग एकाच दिशेने घ्यायची. ज्याने हाताने प्रयोग केलाय त्याला हे विसरता येत नाही. मला माहीतच नव्हतं. त्या संध्याकाळी रिक्षा न करता पार्क चौकातून घरापर्यंत चालत गेले. गुण गेल्याचं इतकं नव्हतं, प्रयोग केला म्हणून खाली माझी सही होती त्याचं होतं.

म्हणून तुझे न केलेले दोन प्रयोग सगळ्यांच्या आधी. उद्याच सरांना भेट आणि "कधी येऊ?" असं विचारू नकोस. "मंगळवारी तीन ते पाच आणि गुरुवारी तीन ते पाच, हे दोन प्रयोग करते, चालेल का?" असं वेळेसकट विचार. वेळ ठरवून आलेल्या मुलीला नाही म्हणणं आम्हाला खरंच जड जातं. त्या दोन दिवशी डबा जास्तीचा ठेव. कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की उन्हाळ्यातही संध्याकाळपर्यंत काळजी नसते आणि नेहमीची एसटी चुकली तरी पोटात काही असतं.

उरलेल्यात न्यूटनची वलयं असतील असं धरून थोडं सविस्तर सांगते, कारण वेळ वाया जातो तो इथेच. सोडियमचा दिवा लावल्या लावल्या तांबूस दिसतो, आतला निऑन आधी पेटतो म्हणून. पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं लागतात. तोवर लेन्स आणि काचपट्टी मऊ कापडाने पुसून घे, मायक्रोस्कोपचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, काढून रफ वहीत लिही. लाइट गेली तर दिवा पुन्हा तापायला वेळ घेतो, म्हणून बसलीस की एका बैठकीत रीडिंग संपव.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मांडणी मोडायच्या आधी, तिथेच उभ्या उभ्या, रफ आलेख काढ. वलयाचा क्रमांक आडव्या अक्षावर, व्यासाचा वर्ग उभ्या अक्षावर. सरळ रेषा यायला हवी. तिचा चढ म्हणजे ४ गुणिले वक्रतात्रिज्या गुणिले तरंगलांबी. सोडियमची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम धर, लेन्सची वक्रतात्रिज्या १०० सें.मी. असली तर दर वलयामागे व्यासाचा वर्ग सुमारे ०.०२३६ चौरस सें.मी.ने वाढायला हवा. म्हणजे दहाव्या वलयाचा व्यास पाच मिलिमीटरच्या जरा आत. तुझी आकडेवारी याच्या आसपास नसेल तर बहुधा वलयं मोजताना एखादं सुटलंय, आणि ते दुरुस्त करायला मांडणी अजून समोर आहे. घरी गेल्यावर हे कळलं तर पुन्हा वेळ मागा, पुन्हा दिवा तापवा, पुन्हा रांग. मग रफ वहीतल्या त्याच पानावर त्याच दिवशी सही घेऊन ये. मुलं "मॅडम, फेअर करून एकदमच आणतो" म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टाफरूमबाहेर उभी असतात.

रीडिंगच्या बाबतीत एक विनंती आहे. "जी", म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा प्रयोग असला, कॅटरचा लंबक म्हण किंवा बार पेंड्युलम, की निम्म्या जर्नलांत उत्तर बरोब्बर ९८० येतं. मुलं वेळेचे आकडे मागून जुळवून घेतात. अगं, सोलापूरचं "जी" ९८० नाहीच. आपण साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहोत. हिशेब केला तर इथलं मूल्य ९७८.४ सें.मी. प्रति सेकंद वर्गच्या आसपास येतं. आता चुकीचा अंदाज काढ. कॅटरच्या लंबकाला ५० दोलनांना सुमारे १०० सेकंद लागतात, त्यात ०.१ सेकंदाची चूक धरली तर ०.१ टक्का, आणि सूत्रात वेळेचा वर्ग आहे म्हणून तिची दुप्पट. सुमारे एक मीटर लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक म्हणजे आणखी ०.१ टक्का. एकूण ०.३ टक्के, म्हणजे ३ सें.मी. प्रति सेकंद वर्ग. तेव्हा ९७६ आलं तरी तुझा प्रयोग नीट झालाय आणि ९८१ आलं तरीही. जे आलं ते लिही आणि खाली हा चार ओळींचा हिशेब दे. परीक्षक म्हणून सांगते, असा हिशेब असलेलं जर्नल हातात आलं की मी पुढचे प्रश्न वेगळ्या आवाजात विचारते.

लिहायचे राहिलेले तीन प्रयोग उजव्या बाजूचे. त्यांच्यात तक्ता, आकडेमोड, आलेख आणि निष्कर्ष आधी, कारण त्या दिवशी काय घडलं ते अजून आठवतंय तोवरच ते नीट लिहून होतं. थिअरी पुस्तकात आहे, ती कुठे जात नाही. आकृती सगळ्यात शेवटी. अनुक्रमणिका, तारखा, पान क्रमांक आणि सर्टिफिकेटचं पान एकाच दिवशी उरक.

गणिताची गोष्ट निराळी. जर्नल दोन रात्री जागून पुरं होतं, रिअल अ‍ॅनालिसिस होत नाही. आमच्या घराला लागून यंत्रमागाचा कारखाना होता, दिवसभर खडखडाट चालायचा, आणि एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वर. एप्सिलॉन-डेल्टाचं, म्हणजे सीमा आणि सलगतेच्या काटेकोर व्याख्येचं, एक वाक्य तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरायचं नाही. मग मी पहाटे पाच ते पावणेसहा एवढाच वेळ गणिताला ठेवला, पण एकही दिवस चुकवला नाही. तूही पहिल्या दहा दिवसांत, लॅबची धावपळ चालू असताना, रोज एवढा वेळ काढच. या वेळात पानंच्या पानं सोडवायची नाहीत. एक प्रमेय घ्यायचं, त्याच्या अटी एकाखाली एक लिहायच्या आणि एकेक अट काढून टाकली तर काय बिघडतं त्याचं उदाहरण शोधायचं.

रोलचं प्रमेय घे. फल सलग, आतल्या प्रत्येक बिंदूला विकलनीय आणि दोन्ही टोकांना सारख्या किमतीचं असेल, तर आत कुठेतरी त्याचं विकलज (डेरिव्हेटिव्ह) शून्य होतं. ऋण १ ते १ या अंतरात x चं निरपेक्ष मूल्य हे फल सलग आहे, दोन्ही टोकांना त्याची किंमत १ आहे, तरी आत कुठेही विकलज शून्य होत नाही, कारण शून्यापाशी विकलजच नाही. हे उदाहरण एकदा स्वतः काढलंस की "आतल्या प्रत्येक बिंदूला विकलनीय" ही अट पाठ करावी लागत नाही. असाइनमेंटमधले निम्मे प्रश्न अशा अटींभोवतीच फिरतात. दहा दिवसांत दहा प्रमेयं अशी झाली की असाइनमेंट लिहायला दोन बैठका पुरतील. मैत्रिणीची वही समोर ठेवून लिहिलीस तरी दोनच बैठका लागतील, हे मला माहीत आहे. पण थिअरीच्या पेपरला ती वही समोर नसते.

डिफरन्शियल इक्वेशन्सची असाइनमेंट आणि सेमिनार मात्र एकत्र बांध. विषय अजून दिला नसशील तर "अवमंदित दोलन" माग, म्हणजे घर्षणाने विरत जाणारी हालचाल. स्थिर सहगुणकांचं दुसऱ्या कोटीचं समीकरण तू गणितात सोडवतेसच. सहायक समीकरणाची मुळं वास्तव आणि वेगळी आली तर लंबक न झुलता हळूहळू मधल्या जागी येतो. दोन्ही सारखी आली तर न झुलता लवकरात लवकर येतो. संमिश्र आली तर झुलतो, पण दर झोक्याला कमी कमी. गणिताच्या सरांकडे या तीन केसेस आहेत आणि भौतिकशास्त्राच्या मॅडमकडे तीन आलेख, आणि बहुतेक मुलं ते दोन वेगळ्या वह्यांत दोनदा पाठ करतात. फळ्यावर डाव्या बाजूला मुळं आणि उजव्या बाजूला आलेख मांडलेस तर पंधरा मिनिटांचा सेमिनार तिथेच तयार होतो, आणि त्याच तयारीत असाइनमेंटचा मोठा भाग सुटतो. माझ्या एका विद्यार्थिनीने हे करताना घरच्या झोपाळ्याचे झोके मोजून आकडे आणले होते. वर्गात मागच्या बाकावरची मुलंही ऐकत होती.

एसटीतला वेळ लिहायला वापरू नकोस, मोहोळ रोडवर अक्षर वाचण्याजोगं येत नाही आणि डोकं दुखतं ते वेगळंच. तिथे तोंडीची तयारी कर. शेजारी कोणी मैत्रीण असेल तर तिला एक प्रयोग सांग, पुस्तकातल्या भाषेत नको, "आधी हे लावलं, मग ते पाहिलं" असं. ती जिथे "का?" म्हणेल तिथेच परीक्षकही म्हणणार. घरी पोचल्यावर तेवढंच शोधून काढ.

एक गोष्ट तू प्रश्नात शेवटी जाता जाता लिहिलीस, की वर्गात सगळ्यांचं झालंय आणि मी एकटीच मागे आहे. दरवर्षी परीक्षेच्या वीस दिवस आधी मी जर्नलं मागवते तेव्हा पूर्ण झालेली फार थोडी असतात. बोलत नाही कोणी. तुझ्या बॅचमधल्या दोघीतिघींना सरळ विचार, त्यांचेही तेच दोन प्रयोग राहिले असतील तर एकाच वेळी सरांकडे जा. चौघींसाठी लॅब लगेच उघडते.

ते न केलेले दोन प्रयोग कोणते ते कळव. कोणता आधी घ्यायचा आणि त्याला किती वेळ धरायचा ते सांगते.